त्रिस्थळी : प्रयाग, काशी, गया आणि परत घर

निघण्याआधी

तिकिटं काढण्याच्याही आधी एक कागद लिहून काढायचा. त्यावर बारा नावं हवीत. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी, पणजी. मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा आणि त्या तिघांच्या बायका. सोबत आपलं गोत्र आणि आजोळचं गोत्र. शेवटी ज्यांच्यासाठी दोन थेंब पाणी सोडावं असं वाटतं ते सगळे: काका, आत्या, मामा, सासू-सासरे, गेलेलं भावंड, शिक्षक, मित्र. कागद जाड घ्या, शाईपेनाने लिहू नका. घाटावर तो ओला होतोच.

बहुतेक घरांत हा कागद पणजीपाशी अडतो. पणजोबांचं नाव सातबाऱ्यावर सापडतं, पण पणजीला सगळे ‘माई’ किंवा ‘मोठी आई’ म्हणायचे आणि तेवढंच मागे उरलेलं असतं. शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत. एक म्हणजे जुने फेरफार उतारे, कारण वारसनोंदीत विधवा आणि मुलींची नावं येतात. दुसरी जागा माळ्यावरची भांडी. लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या घागरीच्या काठावर, परातीच्या पाठीवर नावं कोरलेली असतात. चिंच-मीठ लावून घासलं की अक्षरं वर येतात. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचं असेल तर ते आजच विचारा. एवढं करूनही नाव मिळालं नाही तर ‘यथानाम’ म्हणून संकल्प होतो आणि गोत्र ठाऊक नसेल तर कश्यप सांगतात. तरी शोधून काढलेलं नाव मोठ्याने उच्चारण्याची सर त्याला नाही. कित्येक पणज्यांचं नाव पन्नास-साठ वर्षांत कोणी घेतलेलंच नसतं.

तिथी सांगताना मोठा घोटाळा होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच असतं. वद्य पक्षात मात्र उत्तरेतला महिना एकाने पुढे असतो: आपला मार्गशीर्ष वद्य तो त्यांचा पौष कृष्ण, आपला भाद्रपद वद्य पंधरवडा म्हणजेच पितृपक्ष तो त्यांचा आश्विन कृष्ण. म्हणून तिथीबरोबर इंग्रजी तारीखही कागदावर लिहा.

आई-वडिलांपैकी कोणी नुकतंच गेलं असेल तर वर्षश्राद्धाआधी गया करू नये, अशी अनेक घरांत चाल आहे. वडील हयात असतील तर गयेचे अधिकारही बदलतात. हे दोन्ही घरच्या गुरुजींना विचारूनच ठरवा. गयेला काळाचं बंधन नाही, वर्षभरात कधीही पिंड देता येतो. पितृपक्षातच जायचा आग्रह असेल तर गर्दी धरूनच चाला. हवा चांगली असते ती नोव्हेंबर, फेब्रुवारी आणि मार्चच्या पूर्वार्धात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यामुळे गाड्या सहा-सहा, आठ-आठ तास रखडतात, म्हणून त्या दिवसांत एक जादा मुक्काम हाताशी ठेवा.

पहिला दिवस : गाडी

मुंबईहून वाराणसीला जाणारी महानगरी एक्सप्रेस मध्यरात्र उलटल्यावर सुटते. सोमवारी रात्री जेवून घरातून निघणाऱ्याच्या तिकिटावर मंगळवारची तारीख लागते. या एका चुकीपायी दर वर्षी माणसं चोवीस तास उशिरा फलाटावर उभी राहतात. प्रयागसाठी ही गाडी नैनीच्या बाजूच्या प्रयागराज छिवकी स्थानकावर थांबते. तिथून यमुनेचा पूल ओलांडून शहरात यावं लागतं. पोचायची वेळ अपरात्रीची असते, त्यामुळे खोली आधीच ठरवलेली बरी.

अस्थी बरोबर असतील तर त्यांची नीट सोय करा. पुष्कळ घरांत बऱ्याचशा अस्थी नाशिकला रामकुंडात जातात आणि थोड्या प्रयागसाठी राखून ठेवतात. मडकं तसंच न्यायचं तर ते स्टीलच्या उभ्या डब्यात, भोवती पंचा कोंबून बसवा. गाडीच्या हादऱ्याने मडक्याला तडा जातो आणि राख पिशवीत सांडते. विमानाने जाणार असाल तर मृत्यूचा दाखला आणि स्मशानातली दहनाची पावती हातातल्या पिशवीत ठेवा आणि कंपनीला आधी विचारून घ्या. धातूच्या बंद कलशातलं तपासणी यंत्राला दिसत नाही, म्हणून तिथे अडवतात. कापडाने तोंड बांधलेलं लाकडी किंवा मातीचं भांडं सोयीचं पडतं. गाडीत हे गाठोडं सीटखाली ढकलू नका, उशाशी घ्या. सावडताना पायाकडून सुरुवात करून डोक्याच्या अस्थी शेवटी, सर्वांत वर ठेवलेल्या असतात. त्या मडक्यात माणूस उभा असतो, असं जुनी माणसं म्हणतात.

दुसरा दिवस : संगम

होडी मिळते किल्ल्याजवळच्या घाटांवर, नाहीतर यमुनेपलीकडे अरैलला. अरैलची बाजू शांत. नाव अख्खी करायची की माणशी पैसे द्यायचे, जाऊन-येऊन किती, मध्ये किती वेळ थांबणार, हे काठावरच बोलून घ्या. मधोमध गेल्यावर भाव करता येत नाही.

संगम एका जागी राहत नाही. पावसाळ्यात पाणी किल्ल्याच्या भिंतीला भिडतं, हिवाळ्यात वाळूचं मैदान उघडं पडतं आणि दोन नद्या कुठे भेटायच्या ती जागा दर वर्षी थोडी सरकते. नावाडी पाण्याचा रंग पाहून ती ओळखतो. यमुना हिरवट, खोल आणि संथ असते. गंगा मातकट, उथळ आणि ओढीची. रेष काही अंतर स्पष्ट दिसते, मग पुसली जाते. तिथे खांबांना दोन नावा बांधून मध्ये फळ्या टाकलेल्या असतात, त्यावरून दोर धरून उतरून स्नान करायचं. पाणी कमरेएवढं असलं तरी गंगेच्या बाजूने पायाखालची वाळू सरकते. साठीपुढच्यांनी दोराचा हात सोडू नये.

प्रयागचा विधी क्षौराने सुरू होतो. पुरुषांचं मुंडण आणि सुवासिनींचं वेणीदान. वेणीदान ही चाल दक्षिणेकडच्या आणि आपल्याकडच्या लोकांची, उत्तरेकडच्या बायका करताना सहसा दिसत नाहीत. नवरा-बायको शेजारी बसतात, नवरा बायकोचे केस विंचरून वेणी घालतो आणि टोकाकडची दोन-चार बोटं वेणी कात्रीने कापून तिच्याच ओंजळीत देतो. केस पाण्यावर तरंगायला हवेत, पण संगमात वेणी बुडते, अशी श्रद्धा आहे. विधी पंधरा-वीस मिनिटांचा, पण चाळीस वर्षं संसार करून ज्याने बायकोच्या केसांना कधी फणी लावली नाही त्याला तीन पेडांची वेणी घालायला भलताच वेळ लागतो. घाई करू नये, गुरुजींनाही करू देऊ नये. पांढरे, विरळ झालेले केस बोटांत घेतल्यावर दोघांनाही जे कळायचं ते कळतं.

अस्थिविसर्जनाची कृती सोपी आहे. अस्थींवर पंचगव्य शिंपडायचं, त्यात सोन्याचा कण, मध, तूप आणि काळे तीळ घालायचे, सगळं मातीच्या गोळ्यात घ्यायचं. दक्षिणेकडे पाहत ‘नमोऽस्तु धर्माय’ म्हणायचं, पाण्यात उतरायचं आणि सोडून द्यायचं. फेकायचं नाही. ओंजळ पाण्याखाली नेऊन उघडली की पुरे. वारा समोरून असेल तर कोरडी राख अंगावर आणि शेजारच्या नावेवर उडते, मातीच्या गोळ्यात घेण्याचा हाही एक उपयोग. प्लास्टिकची पिशवी, दोरा, हार यांतलं काही पाण्यात सोडू नका, मडकं परत आणा. मातीचा गोळा हातातून सुटल्यावर काही क्षण तळवा पाण्यात तसाच उघडा राहतो. नावाडी हे रोज पाहतो आणि त्या वेळी वल्हं हलवत नाही.

तिसरा दिवस : वही, वड आणि काशीची वाट

सकाळ वहीसाठी राखा. प्रयागच्या तीर्थपुरोहितांकडे घराण्याघराण्यांच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. प्रत्येक पुरोहित घराण्याचा वेगळा झेंडा असतो आणि त्यावर मासा, हत्ती, पंखा अशी खूण असते. यजमान पूर्वी त्या खुणेनेच पंडा शोधायचे. विचारताना सध्याचा पत्ता सांगून उपयोग होत नाही. पुणे, ठाणे, अमेरिका काहीही सांगितलंत तरी वही उघडायची नाही. मूळ गाव, जुना तालुका, आडनाव आणि ते बदललं असल्यास आधीचं आडनाव, हे लागतं. कोकणातलं घराणं घाटावर येऊन शंभर वर्षं झाली असतील तरी नोंद कोकणातल्या गावाखालीच मिळेल.

वही लांबट, अरुंद आणि लाल कापडात गुंडाळलेली असते. जुन्या मराठी नोंदी मोडीत असतात. त्या कोणी वाचून दाखवीपर्यंत वाट पाहावी लागते, फोटो काढायचा तर विचारून काढावा. एखाद्या पानावर आजोबांची सही येते, खाली बरोबर आलेल्या माणसांची नावं, मुलांची नावं. त्यात कधी कधी एखादं मूल असं निघतं की ज्याच्याबद्दल घरात कोणीच कधी बोललेलं नव्हतं. तेही आपल्या कागदावर लिहून घ्या, गयेला लागेल. मग पंडा वही पुढे सरकवतो आणि आपली नोंद आपल्याच हाताने करायला सांगतो. इथे मुलींची, सुनांची, नातींची पूर्ण नावं लिहावीत, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. मागच्यांनी लिहिली नाहीत म्हणून तर पणजीपाशी कागद अडला.

दुपारी किल्ल्यातला अक्षयवट. अकबराने १५८३ साली किल्ला बांधायला घेतल्यापासून हे झाड तटाच्या आत आहे. किल्ला लष्कराकडे असल्याने मूळ वडाचं दर्शन बरीच वर्षं सर्वांना खुलं नव्हतं, ते जानेवारी २०१९मध्ये खुलं झालं. ओळखपत्र जवळ ठेवा.

प्रयाग ते काशी सव्वाशेच्या आसपास किलोमीटर, गाडीने तीन तास. मुक्काम गोदौलिया ते मैदागिन या पट्ट्यात घेतला तर घाट पायी जमतात. मात्र गल्ल्यांत चारचाकी येत नाही, सामान डोक्यावरून किंवा हातगाडीवर येतं. चाकांची बॅग दगडी पायऱ्यांवर निरुपयोगी ठरते.

चौथा दिवस : मणिकर्णिका

‘काशीस जावे नित्य वदावे’ हे म्हणताना आपल्या आज्या-पणज्यांच्या मनात काय असायचं ते या घाटावर कळतं. त्या काळी माणूस निरवानिरव करून, देणी फेडून, किल्ल्या सुनेच्या हाती देऊन निघायचा. परत येणं हा त्या बेताचा भागच नसायचा. काशीत मरण यावं, शंकराने कानात तारक मंत्र सांगावा, एवढीच इच्छा. आजही त्यासाठी लोक येतात. गोदौलियाजवळच्या मुक्तिभवनात १९५८पासून मरणासन्न माणसांना खोली देतात, मुदत साधारण पंधरवड्याची. ती पाहायला जायची जागा नाही, कोणी नेऊ म्हटलं तरी जाऊ नका.

मणिकर्णिकेवर चिता रात्रंदिवस जळतात. प्रेत बांबूच्या तिरडीवर, केशरी-सोनेरी कापडाखाली, ‘राम नाम सत्य है’ म्हणत गल्लीतून येतं. बाजूला होऊन वाट द्यायची. आधी तिरडी गंगेत बुडवतात, मग पाणी निथळू देतात. तोवर लाकूड तोललं जातं. एका चितेला अडीचशे ते साडेतीनशे किलो लाकूड लागतं, ओलं असेल तर जास्त. खाली जाड ओंडके आडवे, त्यावर उभे, मग देह, वर पुन्हा लाकूड, फटींत बारीक काटक्या. तूप आणि राळ टाकतात. राळ पडली की ज्वाळा एकदम उसळते. अग्नी काडेपेटीने लावत नाहीत. डोम समाजाने जपलेल्या अखंड अग्नीतून गवताच्या पेंडीवर तो विकत घ्यावा लागतो. राजा असो की रिक्षावाला, विस्तव तिथूनच येतो. या कामावर शहराचा मोक्ष चालतो, आणि तरी ते करणाऱ्यांना शतकानुशतकं शिवून घेतलं नाही. हे पायऱ्यांवर बसून पाहताना विसरता येत नाही, विसरूही नये.

देह जळायला अडीच-तीन तास लागतात. पहिला अर्धा तास धूर, मग आच स्थिर होते, मग चिता आत बसते. डोमांपैकी एकजण लांब बांबूने बाहेर आलेला भाग आत ढकलतो. छातीचं आणि कमरेचं हाड शेवटपर्यंत उरतं. न जळलेला तो तुकडा गंगेत सोडतात. आपल्याकडे मडक्याला भोकं पाडून तीन फेऱ्या अग्नी देण्याच्या वेळी होतात आणि तिसऱ्या दिवशी सावडायला जायचं असतं. इथे मडकं सर्वांत शेवटी. कर्ता चितेकडे पाठ करतो, पाण्याचं मडकं खांद्यावरून मागे टाकतो आणि वळून न पाहता पायऱ्या चढून जातो. सावडणं वेगळं नाही. राख पाण्यात लोटली जाते आणि काही माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून सोन्याच्या कणांसाठी ती चाळतात. काही वेळाने त्याच जागेवर पुढचं लाकूड रचलं जातं.

बसायचं तर वाऱ्याच्या उलट बाजूला, वरच्या पायऱ्यांवर, प्रेतयात्रेच्या वाटेपासून दूर. फोटो नाही, चित्रफीत नाही, मोबाइल खिशात. ‘गरिबांच्या लाकडासाठी दान द्या’ म्हणत येणारा माणूस शंभरातून नव्वद वेळा फसवत असतो. द्यायचंच असेल तर लाकूड तोलणाऱ्यापाशी उभ्या असलेल्या, पैसे कमी पडलेल्या कुटुंबाचं वजन भरून द्या. ऑगस्ट-सप्टेंबरच्या पुरात खालचे कट्टे बुडतात, तेव्हा दहन वरच्या गच्चीवर चालतं आणि प्रेतांची रांग गल्लीत लागते. लहान मुलांना न्यावं का, असा प्रश्न नेहमी येतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला आधी सगळं समजावून, हात धरून, अर्धा तास न्यायला हरकत नाही. मुलं घाबरत नाहीत, प्रश्न विचारतात. उत्तरं देताना मोठ्यांचीच पंचाईत होते.

दक्षिणेकडे हरिश्चंद्र घाटावर लाकडाविना चालणारी दाहिनी आहे, खर्च कमी येतो. तरी लोकांची ओढ लाकडाकडेच.

पाचवा दिवस : गल्ल्या आणि घाट

सकाळी पंचगंगा घाटावर तीर्थश्राद्ध उरकता येतं. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा या भागात मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मराठीत संकल्प सांगणारे गुरुजी इथे मिळतात.

काशीविश्वनाथाचं आजचं देऊळ अहिल्याबाई होळकरांनी १७८० साली बांधलं. त्याआधीचं देऊळ १६व्या शतकात उभारण्यात पुढाकार घेणारे नारायणभट्ट मूळ पैठणच्या घराण्यातले, आणि या तीन तीर्थांच्या विधींवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिणारेही तेच. डिसेंबर २०२१मध्ये देवळापासून गंगेपर्यंतचा रुंद मार्ग खुला झाला. त्यासाठी मधली दाट वस्ती हटवली. घरांच्या भिंतींत गाडली गेलेली लहान देवळं मोकळी झाली, म्हाताऱ्यांना चालणं सोपं झालं, रांग सावलीत आली. आणि जिथे तीन पिढ्या पेढे विकत होत्या त्या गल्ल्याच उरल्या नाहीत. जुन्या नकाशावर भरवसा ठेवून आलेला यात्रेकरू आज इथे वाट चुकतो. शिंदे घाटाशी रत्नेश्वराचं कललेलं देऊळ अर्धं पाण्यात उभं आहे, ते नावेतून पाहा.

गंगेचे तांब्याचे बंद गडू गल्लीत विकत मिळतात. घेताना कानाशी धरून हलवा, आत पाणी वाजलं पाहिजे. तोंडावरचा डाग, म्हणजे वितळलेल्या धातूने केलेला जोड, सलग असावा, नखाने ओढल्यावर खडबडीत लागू नये. काशीचं पाणी बाहेर नेऊ नये, न्यायचं तर प्रयागचं, असं तिथले पुष्कळ लोक सांगतात. ज्यांना ते पाळायचं आहे त्यांनी रिकामा गडू नेऊन संगमावर भरावा आणि घाटाजवळच्या तांबटाकडून डाग लावून घ्यावा.

संध्याकाळी दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरून, म्हणजे जुन्या मुघलसरायवरून, गयेची गाडी. अडीच-तीन तास.

सहावा दिवस : गया

पूर्ण गयाश्राद्ध सतरा दिवसांचं, पण आज बहुतेक लोक एका दिवसात फल्गू नदी, विष्णुपद आणि गयेचा अक्षयवट अशा तीन वेद्या, म्हणजे पिंड द्यायच्या जागा, करतात. तीन दिवस मिळत असतील तर प्रेतशिलाही करा. अकाली गेलेल्यांसाठी तिथे पिंड देतात. टेकडीच्या पायऱ्या उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर डोली करा.

उपाशी राहून सकाळी सहाला सुरुवात केली की दुपारी एकपर्यंत होतं. साहित्य तिथे मिळतं: जवाचं पीठ, तांदळाचं पीठ, काळे तीळ, मध, दूध, दर्भ, पळसाच्या पत्रावळी. दोघांना मिळून दीड किलो पीठ पुरतं. पिंड आवळ्याएवढा. पीठ सैल झालं तर पिंड पसरतात, म्हणून पाणी कमी आणि तीळ शेवटी. गयेत पिंड शमीच्या पानाएवढा दिला तरी पुरतो, असं वचन आहे. मोठे गोळे करायची गरज नाही.

दक्षिणा आदल्या दिवशी ठरवा, आणि एकच आकडा ठरवा: तिन्ही वेद्या, साहित्य, गुरुजी आणि शेवटचं ‘सुफल’, म्हणजे श्राद्ध सफल झालं असं गुरुजींनी म्हणणं, हे सगळं धरून. हे केलं नाही की अक्षयवटाखाली सुफलाच्या वेळी नव्याने घासाघीस सुरू होते. आईचं नाव ओठांवर असताना पैशांवरून भांडण करायची वेळ कोणावर येऊ नये.

फल्गू वरून कोरडी आणि पोटातून वाहणारी. हिवाळा-उन्हाळ्यात वाळू हातभर उकरली की पाणी लागतं. रामाला यायला उशीर झाला, दशरथाचे हात पिंडासाठी पुढे आले, आणि जवळ काही नसल्याने सीतेने वाळूचाच पिंड दिला. फल्गूने साक्ष फिरवली म्हणून सीतेने तिला शाप दिला, वडाने खरं सांगितलं म्हणून तो अक्षय झाला, अशी कथा. सप्टेंबर २०२२पासून देवळाजवळ ४११ मीटरचा रबरी बंधारा आहे, त्यामुळे आता घाटाशी वर्षभर पाणी असतं आणि बंधाऱ्यावरून पलीकडे सीताकुंडाला पायी जाता येतं. म्हाताऱ्यांची मोठी सोय झाली. वाळू उकरून ओंजळभर पाणी वर येताना पाहण्याचा अनुभव मात्र गेला.

विष्णुपदाचं काळ्या दगडाचं देऊळही अहिल्याबाईंचंच, १७८७चं. आत सुमारे चाळीस सेंटिमीटरचा पाऊलठसा आणि त्याभोवती चांदीचं कुंड. पिंड त्या पावलावर वाहतात.

आईसाठीचे सोळा पिंड, मातृषोडशी, घाईत उरकू देऊ नका. गुरुजींना आधीच सांगा की प्रत्येक मंत्राचा अर्थ हवा. मुलगा एकेक पिंड देतो आणि आईने सोसलेलं एकेक नाव घेऊन म्हणतो. गर्भ पोटात असताना खाचखळग्यांच्या वाटेने चाललीस, त्यासाठी हा पिंड. बाळंतवेणांसाठी हा. कडू काढे प्यालीस, त्यासाठी. थंडीच्या रात्री ओल्या अंथरुणात स्वतः झोपलीस, त्यासाठी. भुकेली राहून पाजलंस, त्यासाठी. घाटावर बाकी सगळ्या विधींत गलबला असतो, इथे आवाज बसतात. साठ-सत्तर वर्षांच्या माणसांचे हात पिठात थांबतात. नऊ-दहा पिंडांनंतर पीठ कमी पडलं तरी मधूनच कोणी उठत नाही, म्हणून सोळा गोळे आधी वळून ठेवा.

त्यानंतरचे पिंड ज्यांचं कोणी नाही त्यांचे. आगीत गेलेले, विजेने गेलेले, बुडालेले, गर्भातच राहिलेले, ज्यांचं नाव-गोत्र माहीत नाही ते, पशुपक्ष्यांच्या जन्मात असलेले. वहीत सापडलेलं ते मूल आठवा आणि त्याचं नाव इथे घ्या.

भस्मकूट टेकडीवरच्या जनार्दनाच्या मूर्तीच्या हातात स्वतःचा पिंडही देता येतो. त्यात तीळ नसतात, दही असतं. ज्यांना मागे कोणी नाही, किंवा मागच्यांवर भार टाकायचा नाही, ते देतात. गर्दी कमी असते.

अक्षयवटाखाली एक फळ, एक भाजी कायमची सोडायची असते. पडवळ आणि कोहळा सोडून येणारे पुष्कळ. ते मोजण्यात धरू नये. आंबा सोडणारा माणूस दर वैशाखात आईची आठवण काढतो, आणि विधीचा हेतू तोच असावा असं वाटतं. जे सोडाल ते घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच लग्नात ताटात येतं.

सातवा दिवस : बोधगया

गयेपासून बारा-तेरा किलोमीटर. पिंडदानासाठी आलेले अनेक जण वेळ नाही म्हणून हा दिवस गाळतात, गाळू नये. इथली निरंजना नदी पुढे मोहानेला मिळून फल्गू होते. म्हणजे ज्या वाळूत काल पिंड दिले ती वाहून आली इथूनच. १९५६च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातून हजारो कुटुंबं इथे येत आली आहेत. महाबोधी विहाराच्या आवारात मराठी सतत कानावर पडतं. मोबाइल आत नेता येत नाही, दाराशी जमा करून पावती घ्या.

बोधिवृक्ष हा मूळ वृक्ष नव्हे. जुनं झाड १८७६मध्ये कोसळलं आणि पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी त्याच्याच वंशाचं रोप १८८१मध्ये तिथे लावलं. आज त्याच्या फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत. कालचा वड कधीच मरत नाही म्हणून पूजला, आजचा पिंपळ मरून पुन्हा उगवला म्हणून. पिंपळाची गळलेली पानं उचलायला लोक टपून असतात, वाऱ्याची झुळूक आली की धावतात. झाडाखाली तास-दीड तास बसा. आठवडाभराच्या धावपळीत हा एवढाच वेळ असा, की ज्यात काही वाहायचं, सोडायचं, मोजायचं नसतं.

आठवा-नववा दिवस : परत

गयेहून मुंबईला थेट गाडी आहे, हावड्याहून येणारी मुंबई मेल. दुसऱ्या दिवशी मुंबई. मुंडण केलेल्यांनी गाडीत डोक्याला रुमाल बांधावा, थंडी बाधते.

घरी आल्यावर मावंदं. गंगेच्या गडूची पूजा, पुरणाचा स्वैपाक, नातलग आणि शेजारी. काशीहून आलेल्याच्या पायावर पाणी घालून घरात घेतात. जेवणं झाल्यावर तो कागद आणि प्रयागच्या वहीतल्या पानाचे फोटो मुलांपुढे ठेवा. भिजून पुसलेली नावं तेव्हाच पुन्हा लिहून काढा, उद्यावर टाकलं की राहतं.

एक गडू देवघरात ठेवायचा. शेवटच्या घटकेला तुळशीपत्रावरून तोंडात दोन थेंब घालायला तो लागतो, आणि ती वेळ बहुधा रात्रीची असते. ऐन वेळी गडू सापडत नाही, सापडला तर डाग उघडत नाही, कोणीतरी बत्ता शोधत धावतं. डाग जाड सुईने किंवा बारीक खिळ्याने कडेने टोचून उघडतो, ठोकावा लागत नाही. खिळा गडूच्या गळ्यालाच दोऱ्याने बांधून ठेवा. दर दिवाळीला देवघर घासताना गडू कानाशी धरून हलवा. पाणी वाजेनासं झालं तर डागातून उडून गेलं असं समजून दुसरा आणवा. आणि घरातल्या सर्वांत धाकट्याला दाखवून ठेवा, तो कुठे आहे.